चौथा खेळ

ट्रायथलॉनमध्ये पोहणं, सायकल आणि पळणं असे तीन खेळ असतात, असं लोक धरून चालतात. त्यांनी भर अंगणात, घरचे बघत असताना, ओल्या पायात मोजा चढवून बघितलेला नसतो.

मी नाव दिलं होतं ते स्प्रिंटला. म्हणजे ७५० मीटर पोहा, २० किलोमीटर सायकल हाणा आणि उरलात तर ५ किलोमीटर पळा. आयर्नमनवाले ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल मारून वर अख्खी मॅरेथॉन पळतात. त्यांच्या घरात कुणी थोरलं माणूस नसावं.

आमच्या घरात काका आहेत, रिटायर्ड पी. टी. मास्तर. स्पर्धेचं नियमपत्रक मी वाचायच्या आधी त्यांनी वाचलं आणि त्यावर लाल पेनाने खुणा केल्या.

पोहायचा सराव आमच्या बेळगावजवळ येळ्ळूरला, मामाच्या विहिरीत. तलावात पोहताना मधेमधे मान वर काढून लांबचा तरंगता फुगा बघायचा असतो, नाहीतर माणूस भलतीकडे जातो. विहिरीत भलतीकडे जायला जागाच नाही. गोल गोल पोहून मला कायम डावीकडे वळायची सवय लागली. काठावर बसून मामा शेंगा खात म्हणायचे, "सरळ जा की रे!" कुठे जाऊ?

सायकलचं सांगण्यासारखं फार नाही. पहाटे हायवेला लागायचं, काकतीच्या पुढे जाऊन परत यायचं. हंगामात उसाच्या डबल ट्रॉलीमागे वारा लागत नाही, हे कळल्यावर मी सुखात होतो. काकांनी पत्रकातली ओळ दाखवली: दुसऱ्याच्या आडोशाने सायकल चालवायची नाही. म्हटलं, ती सायकल नाही, ट्रॅक्टर आहे. तरी लाल खूण झालीच.

खरी परीक्षा ट्रान्झिशनची. पाण्यातून बाहेर येऊन सायकलवर बसेपर्यंत घड्याळ थांबत नाही. जाणकार त्यालाच चौथा खेळ म्हणतात. काकांनी अंगणात दोन खुर्च्यांवर बांबू आडवा टाकून सायकल टांगली आणि आईच्या रांगोळीने एक रेघ ओढली. त्या रेघेच्या अलीकडे सायकलवर टांग टाकायची नाही. मग माझ्यावर बादली ओतली आणि मोबाइलवर वेळ लावली.

टोपी-गॉगल काढून मी सायकलला हात घातला.

"बाद!" काका ओरडले. "आधी हेल्मेट. पट्टा लावल्याशिवाय सायकल काढायची नाही."

पुन्हा बादली. हेल्मेट घातलं, पट्टा काही लागेना, कारण बोटं ओली. लागला तेव्हा त्यात हनुवटीची कातडी सापडली. मग मोजे. ओल्या पायावर मोजा अंगठ्यापर्यंत येतो आणि तिथेच मुक्काम करतो. ओढला की टाचेचा भाग पायाच्या वर येतो. मी एका पायावर नाचत बांबूला धरलं. बांबू, सायकल आणि मी एकदमच तुळशीवृंदावनाकडे निघालो.

"काय करूलैस रे? मोजे घालूलैस की नवरीला मेंदी लावूलैस?" काका खेकसले.

कंपाउंडवरून शेजारच्या अज्जींनी डोकं काढलं. "एनागैत्री?" काय झालं, अशी कानडीत चौकशी.

"एनिल्री, रेस ऐत्री," काही नाही, रेस आहे, असं आई निवांत म्हणाली. अज्जींनी माझ्याकडे बघून हात जोडले. कुणासाठी, ते विचारलं नाही.

शेवटी उपाय आईनेच काढला: मोजे अर्धे उलटे गुंडाळून ठेवायचे आणि आत भरपूर पावडर. मोजे चढले. शिंका येत राहिल्या, पण शिंकण्याविरुद्ध पत्रकात काही नव्हतं.

आदल्या दिवशी मी जाहीर केलं की भाकरी, उसळ, कोशिंबीर बंद. चोथा नको, साधा भात हवा. ज्वारीची भाकरी नको म्हणणारा माणूस आमच्या घरात आजारी तरी असतो किंवा भांडलेला. आईने कपाळाला हात लावून बघितला. त्यात आत्या कुंद्याचा, आमच्या बेळगावी मिठाईचा, डबा घेऊन आली. शर्यतीच्या तोंडावर नवीन काही खायचं नसतं, असं म्हटल्यावर ती म्हणाली, "कुंदा नवीन कधीपासून?" याला उत्तर नाही. मी दोन चमचे खाल्ले.

कोल्हापूरला गाडी भरून गेलो, लग्नाला जातात तेवढी माणसं. रॅकवर शेकडो सायकली टांगलेल्या, सगळ्या काळ्या. पोहून आल्यावर त्यात आपली ओळखायची कशी? बाकीचे भडक टॉवेल पसरतात. आईने पिशवीतून जुनी शहापुरी साडी काढून दिली, हिरवीगार, लाल काठाची. चार घड्या करून मी ती सायकलखाली अंथरली, वर बूट आणि पावडरचे मोजे मांडले. आत फक्त स्पर्धकांना प्रवेश, म्हणून काका बॅरिकेडला लटकून "हेल्मेट!" एवढंच सांगत होते.

सकाळी दंडावर मार्करने नंबर लिहून घेऊन तलावाकडे निघालो, तोच शिट्टी गळ्यात घातलेले एक पंच माझ्या जागेपाशी थबकले.

"ही साडी कुणाची?"

मी तोंड उघडायच्या आत बॅरिकेडपलीकडून आईचा आवाज आला, "माझी हो! आणि त्याला सांगा, ओल्या पायाने तिच्यावर उभं राहायचं नाही."