‘वनडे संघात एकही भारतीय नाही, हा अन्याय’: या दाव्याचा प्रतिवाद

जानेवारी २०२५ मध्ये आयसीसीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, २०२४ सालचा पुरुषांचा वनडे संघ (वर्षभरात उत्तम खेळलेल्या जगभरातल्या अकरा जणांचा, फक्त कागदावरचा) जाहीर केला आणि गोव्यातल्या क्रिकेटवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागला. ग्रुप फोंड्याचा असो, डिचोलीचा असो वा पेडण्याचा, शब्द थोडे इकडेतिकडे, पण दावा तोच: “एकही भारतीय नाही, पाकिस्तानचे मात्र तिघे. रँकिंगमध्ये आपण पहिले, रोहितची सरासरी ५२, तरी बाहेर. समोर दुबळे संघ बघून काढलेल्या धावांना किंमत दिली. आयसीसीला भारत नकोच आहे.”

आधी तो संघ बघू. सईम अयुब, रहमानुल्ला गुरबाझ, पथुम निसंका, यष्टिरक्षक कुसल मेंडिस, कर्णधार चरिथ असलंका, शेरफेन रदरफोर्ड, अझमतुल्ला ओमरझाई, वनिंदू हसरंगा, शाहीन आफ्रिदी, हारिस रौफ, ए. एम. गझनफर. श्रीलंकेचे चार, पाकिस्तान आणि अफगाणिस्तानचे तीन-तीन, वेस्ट इंडिजचा एक. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांचाही एकही खेळाडू नाही, हे त्या मजकुरात कुणी लिहीत नाही.

“एकही भारतीय नाही, म्हणजे अन्याय”

हा संघ एका कॅलेंडर वर्षातल्या कामगिरीवर ठरतो. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. त्या काळात भारत वनडे किती खेळला? तीन. वर्ष टी-ट्वेंटी विश्वचषकाचं होतं, शिवाय १५ कसोटी होत्या. वनडेच्या वाट्याला आली ती ऑगस्टमधली कोलंबोची एक मालिका. पहिला सामना २३०-२३० असा बरोबरीत सुटला. दुसरा आपण ३२ धावांनी हरलो, जेफ्री वँडरसेने ३३ धावांत ६ बळी घेतले. तिसऱ्यात २४९ चा पाठलाग करताना डाव १३८ वर आटोपला. मालिका ०-२. श्रीलंकेकडून वनडे मालिका हरण्याची १९९७ नंतरची ही पहिलीच वेळ.

गावच्या टेनिस बॉल स्पर्धेचा शेवटचा दिवस डोळ्यांसमोर आणा. टेबलावर ‘उत्कृष्ट फलंदाज’, ‘उत्कृष्ट गोलंदाज’, ‘मालिकावीर’ असे चषक मांडलेले असतात आणि स्कोरर वही उघडून नावापुढच्या धावा जोडत बसलेला असतो. पहिल्या फेरीत बाहेर पडलेल्या संघाच्या सलामीवीराने त्या दिवशी कितीही सुंदर ४० केले असले, तरी त्याच्या नावापुढे एकच आकडा असतो. त्यात त्याचा दोष नसतो. त्याला खेळायलाच मिळालेलं नसतं. २०२४ मध्ये वनडेत भारताचं नेमकं हेच झालं.

असं पहिल्यांदा घडलं असंही नाही. २०२१ च्या वनडे संघातही भारतीय नव्हता. त्या वर्षी आपण सहाच वनडे खेळलो होतो. उलट २०२३ बघा: विश्वचषकाचं वर्ष, भरपूर वनडे, आणि अकरा जणांत सहा भारतीय. रोहित कर्णधार, सोबत गिल, कोहली, सिराज, कुलदीप, शमी. नियम दोन्ही वेळी तेच होते, फक्त सामने कमी-जास्त होते.

“रोहितची सरासरी ५२ होती”

बरोबर आहे. ५८, ६४ आणि ३५, मिळून १५७ धावा, तीन डाव, सरासरी ५२.३३. त्या मालिकेत पॉवरप्लेमध्ये, म्हणजे पहिल्या दहा षटकांत, तो ज्या धडाक्याने खेळला ते बघण्यासारखंच होतं. पण त्याला घ्यायचा कुठे? सलामीला. मग सलामीवीरांपैकी एकाला काढावं लागतं.

गुरबाझ: ११ सामने, ५३१ धावा, तीन शतकं. अयुब: ९ सामने, ५१५ धावा, सरासरी ६४.३७ (एकदा नाबाद, म्हणून भागाकार आठने), तीन शतकं. निसंका: १२ सामने, ६९४ धावा, सरासरी ६३.०९. संघात तो तिसऱ्या क्रमांकावर दाखवला असला तरी मुळात सलामीचाच. रोहितची सर्वोच्च खेळी ६४. तिघांपैकी कुणाच्याही एकूण धावा रोहितच्या तिपटीहून जास्त. सरासरीचा आकडा तीन डावांवर उभा असेल तर पुढच्या एका शून्याने तो ५२ वरून ३९ वर येतो. अयुबच्या नऊ डावांत आणखी एक शून्य घातलं तरी सरासरी ५७ च्या वर राहते. कमी डावांची सरासरी निवडीला पुरत नाही ती म्हणून.

“रँकिंगमध्ये आपण पहिले”

होतो, पण रँकिंगचा काळ वेगळा असतो. त्यात तीन-चार वर्षांचे निकाल मोजतात, जुन्यांचं वजन निम्मं, अलीकडच्यांचं पूर्ण. म्हणून २०२३ च्या विश्वचषकातले आपले ओळीने दहा विजय जानेवारी २०२५ च्या रँकिंगमध्येही आपल्याला वर ठेवून होते. वर्षाच्या संघात ते विजय २०२३ च्या खात्यात जमा झाले, आणि तेव्हा त्यांची सहा जागांची दखल घेतलीही गेली. एकच कामगिरी दोन वर्षं कशी मोजणार?

“पाकिस्तानचे तिघे कसे?”

नोव्हेंबर २०२४ मध्ये पाकिस्तानने ऑस्ट्रेलियात ऑस्ट्रेलियाला वनडे मालिकेत २-१ हरवलं. तिथला आधीचा मालिकाविजय २००२ चा. रौफने त्या तीन सामन्यांत १० बळी घेतले, ॲडलेडला २९ धावांत ५. पुढच्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेत जाऊन ३-०. पार्लला अयुबचे १०९, जोहान्सबर्गला १०१. वर्षातल्या सगळ्यात अवघड दोन दौऱ्यांवर ज्यांनी सामने काढून दिले, त्यांची नावं यादीत येणारच. देश कुठला, याने ती खोडता येत नाहीत.

“दुबळ्या संघांपुढच्या धावा”

या आक्षेपात मात्र दम आहे, आणि तो गोव्याच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीला रणजीच्या प्लेट गटात, म्हणजे खालच्या गटात, गोव्याने अरुणाचल प्रदेशला ८४ वर गुंडाळलं आणि २ बाद ७२७ वर डाव सोडला. स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, कश्यप बखले नाबाद ३००, भागीदारी नाबाद ६०६, रणजीच्या इतिहासातली सर्वांत मोठी. तो विक्रम खरा आहे आणि अभिमानाचा आहे. पण त्याच खेळ्या वरच्या, एलिट गटात मुंबई किंवा कर्नाटकाच्या गोलंदाजीपुढे असत्या तर त्यांचं वजन आणखी वाढलं असतं, हे आपण आपसांत बोलतोच.

तोच तराजू इथे लावायचा. पद्धत सोपी आहे: खेळाडूची शंका येणारी सर्वांत मोठी कामगिरी बाजूला काढा आणि उरलेलं पुन्हा जोडा. हसरंगाने झिम्बाब्वेविरुद्ध १९ धावांत ७ बळी घेतले होते. ते वजा केले तरी ९ सामन्यांत १९ बळी उरतात. निसंकाने पल्लेकेलेला अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद २१० केल्या. त्या वजा केल्यावर ११ डावांत ४८४, सरासरी ४४. अयुबचे झिम्बाब्वेविरुद्धचे नाबाद ११३ काढले तर ८ डावांत ४०२ उरतात, सरासरी ५० च्या वर, आणि त्यात आफ्रिकेतली दोन्ही शतकं आहेत. निसंकाचं चित्र बरंच उतरतं, तरी तो संघाबाहेर जात नाही. शिवाय श्रीलंकेच्या या फलंदाजांनी वर्षात ज्यांना हरवलं, त्यात आपणही होतो. त्या मालिकेचा कर्णधार असलंकाच होता.

“आयसीसीला भारत नकोच”

त्याच जानेवारीत जाहीर झालेल्या टी-ट्वेंटी संघात चार भारतीय होते, कर्णधार रोहित. कसोटी संघात तीन: जैस्वाल, जडेजा, बुमराह. १३ कसोटींत ७१ बळी घेणारा बुमराह वर्षाचा सर्वोत्तम क्रिकेटपटू ठरला, अर्शदीप टी-ट्वेंटीतला सर्वोत्तम, स्मृती मानधना महिला वनडेतली. गोव्याकडून खेळणारी शिखा पांडेही २०१९ च्या आयसीसी महिला वनडे संघात होती. यापलीकडे या मुद्द्यावर बोलण्यासारखं काही नाही.

वाद घालायचाच तर त्याच्या जागा दुसऱ्या आहेत. गोलंदाजीचा हिशेब बसतो: ओमरझाई, हसरंगा, शाहीन, रौफ, गझनफर, प्रत्येकी दहा, पन्नास षटकं पूर्ण. फलंदाजी मात्र सातव्या क्रमांकावर ओमरझाईपाशीच संपते, कारण आठव्या क्रमांकाच्या हसरंगाच्या वर्षभरात १० सामन्यांत ८७ धावाच आहेत. पहिले तिघेही सलामीवीर आहेत. वर्षभर तिसऱ्या क्रमांकावर खेळलेला फलंदाज का नाही, हा प्रश्न रास्त आहे. आणि शाहीन. ६ सामन्यांत १५ बळी, सरासरी १७ च्या आसपास. आकडे उत्तम, पण सामने सहाच. तीन सामन्यांचा रोहित कमी पडतो आणि सहांचा शाहीन पुरतो, तर रेषा चारवर आहे, पाचवर आहे की सहावर? यादीबरोबर किमान सामन्यांची अट लिहिलेली नव्हती. तो एक आकडा यादीखाली छापा, ही मागणी करायला हवी, आणि ती श्रीलंकेच्या, पाकिस्तानच्या खेळाडूंनाही तितकीच लागू होईल.