कुठलाही चालेल

गेले तीन दिवस आमच्या घरातल्या चहाला विझलेल्या चुलीचा वास येतोय. बायकोच्या मते चूक माझी आहे. माझ्या मते माझी चूक एवढीच, की रविवारी मित्राकडे गेलो असताना मी दोन शब्द बोललो. "कुठलाही चालेल."

त्याची ड्रिल मशीन परत द्यायला गेलो होतो. दारातूनच मागे फिरणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "चहा घेऊनच जा." पाच वाजत आले होते आणि मला पाचचा चहा लागतो. साडेपाचपर्यंत नाही मिळाला तर कपाळ ठणकायला लागतं, सहानंतर माझ्याशी बोलण्यात अर्थ नसतो. मी चप्पल काढली.

बैठकीत मित्राचे भाऊजी बसले होते. बहिणीकडचे पाहुणे, पंधरा दिवस मुक्काम. वहिनी आत जायला वळणार, तोच भाऊजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"चहा मी करतो. घेणार ना?"

"हो, घेऊ की."

"कुठला?"

"चहा."

"हो, पण कुठला चहा?"

"म्हणजे... चहा. नेहमीचा."

"नेहमीचा म्हणजे तो उकळून उकळून मारलेला?"

आता याला काय उत्तर द्यायचं? हो म्हणावं तर खुनाची कबुली. नाही म्हणावं तर चहा गेला. मी हसलो. त्याचा अर्थ भाऊजींनी शिकायची तयारी असा घेतला, आणि बॅगेतून एकेक डबी काढत टीपॉयवर मांडायला सुरुवात केली. (टीपॉयचा चहाशी काही संबंध नाही, तो मूळचा तीन पायांचा म्हणून तिपाई. पण रविवारी त्या बिचाऱ्यावर चहाच्या सात डब्या होत्या.)

मग भाऊजी एकेका डबीचं झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरू लागले. बेशुद्ध माणसाला कांदा हुंगवतात तसं. पहिला अर्ल ग्रे. त्यात बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल असतं. मला तो नेहमी अत्तर लावलेल्या माणसाने उष्टा करून ठेवलेला वाटतो. दुसरा कॅमोमाइल. तो प्यायला की झोप लागते म्हणतात. लागत असेल, वास गवताच्या गंजीचाच आहे. तिसरा जास्वंदीचा, लालभडक आणि आंबट. चौथा रुइबोस.

"हा चहा आहे?" जास्वंदीकडे बोट दाखवून मी न राहवून विचारलं.

"छे! जास्वंद हा चहाच नव्हे. कॅमोमाइलही नव्हे. रुइबोस तर दक्षिण आफ्रिकेतलं वेगळंच झुडूप आहे. हे सगळे काढे."

माणूस इतकाही वाईट नाही, असं मला पहिल्यांदा आणि शेवटचं वाटलं. "मग बाळगता कशाला?"

"पाहुण्यांसाठी."

ते स्वतः पाहुणे होते हे मी बोललो नाही.

"खरा चहा एकाच झाडाचा," भाऊजी पुढे सरकले. "कॅमेलिया सायनेन्सिस. हिरवा, पांढरा, ऊलाँग, काळा, सगळे त्याच झाडाच्या पानांचे. पान तोडल्यावर हवा लागून ते किती काळं पडू द्यायचं, मुख्य फरक तिथे."

"सगळे एकाच झाडाचे?"

"एकाच."

"मग कुठलाही चालेल."

मुलीला नवरा कुठलाही चालेल असं मी त्यांना सांगितलं असतं, तरी त्यांनी माझ्याकडे वेगळं पाहिलं नसतं. मित्राने मोबाइलमध्ये डोकं आणखी खाली घातलं. त्याला पुढचं ठाऊक होतं, कारण त्याचा हा नववा दिवस होता.

भाऊजींनी ग्रीन टी ठरवला. पाणी उकळलं. मला बरं वाटलं. मग ते उकळलेलं पाणी त्यांनी चिनी मातीच्या भांड्यात ओतलं, त्यात एक सळईसारखा थर्मामीटर खुपसला, आणि आम्ही सगळे पाणी थंड व्हायची वाट बघत बसलो. हिरव्या चहाला पंच्याहत्तर अंश लागतात म्हणे. त्याहून गरम पाण्याने कडवटपणा भसाभस उतरतो. असेल. पण शंभरवरून पंच्याहत्तरवर यायला पाण्याला किती वेळ लागतो, हे कपाळ ठणकत असताना कधी मोजून बघा.

"एक्क्याण्णव," भाऊजींनी जाहीर केलं.

मी ड्रिल मशीनबद्दल दोन वाक्यं बोललो.

"शहाऐंशी."

भिंतीला किती भोकं पाडली तेही सांगितलं. "ब्याऐंशी"ला मित्र "आलोच" म्हणून आत गेला तो आलाच नाही. एकोणऐंशीवर आकडा अडकला. भाऊजींनी फुंकर घातली नाही, कारण फुंकर घालायची नसते. मी मनातल्या मनात घालत होतो.

शेवटी भातुकलीतल्या कपाएवढ्या कपात तो चहा आला. पालक उकडल्यावर जे पाणी आपण ओतून देतो, ते कोणी जपून ठेवलं असावं अशी चव. आणि तोपर्यंत तो कोमट. गरम पाणी गार करायला यंत्र आहे, पण गार चहा परत गरम करायला सक्त मनाई आहे.

"कसाय?"

"छान आहे."

या "छान आहे"बद्दल मी गेले तीन दिवस स्वतःला माफ करू शकलेलो नाही. दुसऱ्याच्या घरी पाजलेल्या वाटेल त्या पाण्याला छान म्हणायचं, हे आपल्याला कोण शिकवतं? लहानपणी मी दूध ओतून दिलं म्हणून धपाटा खाल्ला होता. तेवढा बाणेदारपणा पंचेचाळिशीत उरू नये?

"असा नका पिऊ, ओढून प्या," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी असा भुरका मारला की खिडकीतलं कबुतर उडालं. चहाचे पारखी खरंच असा मोठ्ठा भुरका मारतात. चहा हवेसकट जिभेवर पसरतो आणि वास नाकापर्यंत चढतो. म्हणजे ज्या आवाजासाठी त्यांना पगार मिळतो, त्याच आवाजावरून माझ्या घरी बायको दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.

कप ठेवायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात सटकलो. आत गॅसजवळ मित्र आणि वहिनी उभे. दोघांच्या हातात कप. मिक्सरच्या आड तिसरा कप, त्यावर बशी झाकलेली. बशीच्या कडेने वाफ येत होती. दुधाचा, साखरेचा, उकळून उकळून मारलेला चहा.

वहिनींनी बशी जराशी उचलून कुजबुजत विचारलं, "अर्धा घेता?"

अर्धा चहा घेणाऱ्यांचा मला आयुष्यभर राग आहे. "मला अर्धाच हं" म्हणतात, आपण अर्धा ओततो, मग कप तिरका करून आत बघतात आणि "अजून थोडा चालेल" म्हणतात. ते थोडं थोडं करत पाऊण कप जातो आणि उपकार मात्र अर्ध्याचेच. याच जातीचे ते, जे शेवटचा घोट कपात ठेवतात. तो कोणासाठी असतो? पण त्या क्षणी मी पाव कपही घेतला असता. मी हात पुढे केला. कपाची ऊब बोटांना लागली. साय नुकती धरत होती.

"अहो, इथे आहात होय!" दारात भाऊजी. हातात सातवी डबी. वहिनींनी बशी झाकली, मित्राने कप सिंकमध्ये ठेवला, आणि मी थंडीत हात शेकतात तसे हात चोळले.

"ग्रीन टी आवडला ना, मग आता खास तुमच्यासाठी," भाऊजी म्हणाले. "लापसांग सूचाँग. चीनच्या फुजियान प्रांतात, वुयी डोंगरातला. पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात."

वाळवतात कसला, होरपळवतात. शेकोटी विझवून त्यातलं पाणी गाळून घ्यावं असा तो चहा. जगात लोक तो आवडीने पितात, पैसे मोजून पितात, हे मला मान्य आहे. लोक बर्फाच्या पाण्यात उड्याही मारतात. मी दोन घोट घेतले. "वेगळा आहे," म्हणालो. या वेळी तरी छान म्हणालो नाही, यात मला केवढी प्रगती वाटली! भाऊजींना मात्र तेवढंही पुरलं. त्यांनी पन्नास ग्रॅमची पुडी बांधून माझ्या हातात कोंबली.

"पहिल्यांदा जड जातो. पंधरा दिवसांत सवय होते. आणि चहा मोजून करत जा. आंतरराष्ट्रीय मानक आहे त्याचं, आयएसओ ३१०३."

घरी आल्यावर, डोकेदुखीची गोळी घेऊन, मी ते शोधलं. आहे खरंच, पहिल्यांदा १९८० साली आलेलं. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, आणि सहा मिनिटं ठेवायचा. पण पाणी कसं? ताजं उकळतं! पंच्याहत्तर-बिंच्याहत्तर काही नाही. आणि दूध? चालतं! दूध आधी घालायचं की नंतर, याचाही विचार त्यात केलाय. शिवाय चवदार चहा कसा करावा हे त्या मानकाला सांगायचंच नाही. दोन चहांची तुलना करता यावी म्हणून दर वेळी एकसारखा कसा करावा, एवढंच त्यात आहे. ब्रिटिशांच्या अशाच सहा पानी मानकाला १९९९ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे ते गमतीचं नोबेल. त्याच वर्षीचं भौतिकशास्त्राचं इग नोबेल चहात बिस्किट कसं बुडवावं आणि किटलीची तोटी गळू नये म्हणून काय करावं, या दोन संशोधनांना विभागून गेलं. हे सगळं मला रात्री साडेदहाला कळलं. संध्याकाळी कळलं असतं तरी मी "छान आहे" म्हणालो असतो, तो भाग वेगळा.

पुडी मी चहाच्या डब्याशेजारी ठेवली. चहाची जागा तीच ना? सोमवारी सकाळी बायको स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून प्लगचा एकेक सॉकेट हुंगत होती. "वायर जळतेय कुठेतरी," म्हणाली, आणि तिने मेन स्विच बंद केला. मी अंधारात गॅस पेटवून चहा टाकला, पहिला घोट घेतला आणि वायर सापडली.

चहाची पत्ती शेजारचा वास ओढून घेते. याच गुणामुळे मोगऱ्यात ठेवून जॅस्मिन टी करता येतो. आमच्या डब्याचं झाकण जरा सैल आहे. गेल्या वर्षीपासून सैल आहे, बदलायचं मीच म्हणतोय.

पुडी बाल्कनीत नेऊन ठेवली. पत्ती कागदावर पसरून ठेवली. फेकून देऊ म्हटलं तर बायको म्हणाली, "अर्धा किलो आहे. तूच पी." तिने स्वतःसाठी नवा पुडा आणलाय आणि तो तिच्या कपाटात, कपड्यांमध्ये ठेवलाय.

तर आज तिसरा दिवस. सकाळी चहा केला, प्यायलो, आणि अर्धा कप संपल्यावर लक्षात आलं की आज धूर लागलाच नाही. पत्तीतला वास गेला असेल. मी बायकोला कप हुंगायला दिला. तिने मान मागे घेतली आणि खिडकी उघडली.

भाऊजींनी पंधरा दिवस सांगितले होते.