हात लावू नये ते हात लावाच

मागच्या रविवारी आईला म्युझियम दाखवायला नेलं. कुठलं ते सांगत नाही, पुन्हा आत सोडायला हवं ना. सोबत इंजिनिअरिंगवाला भाचा होता, तो म्युझियममधल्या ॲप, स्क्रीन या सगळ्याचा भक्त.

तिकीट खिडकीतल्या बाईंनी तिकिटासोबत एक क्यूआर कोड दाखवला. म्हणे ॲप घ्या, मग प्रत्येक वस्तू तुमच्याशी बोलेल. घेतलं. ४० टक्क्यांवर अडकलं, कारण इमारत जुनी, भिंती हातभर जाड, जिथे तोफेचा गोळा शिरला नसता तिथे नेटवर्क कुठून शिरणार. मग नाव, जन्मतारीख, आवडीचे विषय (मी 'भांडी' शोधत होते, नव्हतं) आणि शेवटी ओटीपी. ओटीपी आत येईना म्हणून मी अंगणात गेले, अंगणात आला तर वायफाय तुटलं, आत येऊन टाकला तोवर त्याची मुदत संपली, असे तीन फेरे झाले. तेवढ्यात आईने बाकावर बसून पिशवीतले दोन पेरू संपवले.

आत गेलो तर पहिल्याच दालनात मोठ्ठा स्क्रीन, 'मला स्पर्श करा'. आता मला सांगा, आम्हाला हे जमणार कसं? चौथीत असताना शाळेची सहल पुण्याच्या केळकर म्युझियमला गेली होती, तेव्हा बाईंनी दारातच सगळ्यांना हात मागे बांधायला लावले होते. ते अडकित्ते, ते दिवे, तो मस्तानी महाल, सगळं मी हात मागे बांधूनच पाहिलंय. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून हजारो वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. पुढे आईलाही तिथे नेलं होतं, तर ती दर कपाटासमोर 'हे आपल्याकडे होतं, तुझ्या काकूने मोडीत घातलं' असं मोठ्याने सांगत होती आणि शेजारच्या दोन अनोळखी बायका 'आमच्याकडेपण' म्हणत सामील झाल्या होत्या. ॲप लागलं नव्हतं.

तर आईने स्क्रीनला हात लावला, पण बोटाला पदर गुंडाळून. 'काच खराब होते.' पदराने स्क्रीन चालत नाही. मी मग पुढे होऊन फुटलेला रांजण जोडायचा खेळ सुरू केला, ६० सेकंदात तुकडे जुळवायचे, मागे रांग, आणि रांगेतला एक पोरगा सारखा 'काकू, ते उलटं आहे'. वेळ संपली तसा टाळ्यांचा आवाज आला आणि स्क्रीनवर 'छान प्रयत्न!'. यापेक्षा नापास म्हटलं असतं तर चाललं असतं.

भाच्याचं ज्ञानसत्र चालूच. न्यूयॉर्कच्या कूपर ह्यूइट म्युझियममध्ये २०१५ साली लोकांच्या हातात चक्क एक पेन दिलं होतं, आवडलेल्या वस्तूच्या पाटीला टेकवायचं की ती तुमच्या खात्यात जमा, घरी जाऊन निवांत बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या एसएफमोमा या आधुनिक कलेच्या म्युझियमने २०१७ मध्ये मेसेजची सोय केली, 'समुद्र पाठवा' असं लिहिलं की फोनवर समुद्राचं चित्र हजर, कारण त्यांच्या संग्रहातलं जेमतेम ५ टक्केच एका वेळी भिंतीवर असतं. हे मला खरंच आवडलं, पत्ता ना जन्मतारीख, नुसतं मागायचं. बंगळुरूच्या 'मॅप' या कला आणि छायाचित्रांच्या म्युझियमने तर चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा डिजिटल अवतार केलाय, प्रश्न विचारा, तो उत्तर देतो. आई थांबली. 'चपला का घालत नव्हते ते विचारलं का कुणी?'

शेवटी एक छोटी खोली होती, 'तुमच्या घरातल्या वस्तूची गोष्ट सांगा, वेळ ३ मिनिटं'. इथे रांग नव्हती. आई आत गेली, दार लावलं. आम्हाला बाहेर फक्त तिचे हातवारे दिसत होते. तीन मिनिटं झाली, लाल दिवा लागला, आईने पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. पाचव्या वेळी रांग झाली होती आणि गार्डदादा माझ्याकडे बघायला लागले.

बाहेर आल्यावर कळलं, गोष्ट पितळी घागरीची होती. म्हणजे आजीची घागर, जी मावशीने ८२ साली 'हळदीकुंकवापुरती' नेली ती आजतागायत परत आलेली नाही. नावगावासकट सांगितलं, वर मावशीचा पत्ताही. 'म्युझियमवाल्यांनी स्वतः विचारलं, मी काय करू?'

रिक्षात बसलो आणि ओटीपी आला. चौथा.

घरी पोचल्यावर आईने हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं, आनंदाने. आज सकाळी मावशीचा मला फोन. 'काय गं, ते म्युझियम सोमवारी उघडं असतं का? मलापण तीन मिनिटं बोलायचंय. आणि घागर घेऊन गेलं तर आत सोडतात का?'