झोपाळ्याची तुळई

घरच्या ग्रुपवर पंधरा दिवस एकच विषय चाललाय: नाशिकचा काकांचा वाडा पाडायचा की ठेवायचा. पावसाळ्याआधीची महापालिकेची ‘धोकादायक’वाली नोटीस यंदाही आली आणि दादानं निकाल देऊन टाकला, "लाकूड म्हणजे वाळवीचं जेवण. शंभर वर्षं टिकलं, उपकार झाले. आता आरसीसी." खाली अकरा अंगठे.

इथे लंडनच्या हॅरो उपनगरात बसून ते वाचलं आणि माझं डोकं सटकलं. शंभर वर्षं? हीथ्रोच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर हार्मंड्सवर्थ नावाचं गाव आहे. तिथलं धान्याचं कोठार १४२६ सालचं. जवळजवळ ६० मीटर लांब, सगळा सांगाडा ओकचा, अजून उभा. उन्हाळ्यात महिन्यातले दोन रविवार फुकट बघायला मिळतं. बाहेर विमानांचा गोंगाट, आणि आत शिरलं की गाभाऱ्यात आल्यासारखं माणूस आपोआप हळू बोलायला लागतं.

गंमत म्हणजे हे सुतार ओक वाळवत बसायचे नाहीत. वाळला की तो असा काही कडक होतो की पटाशीच बोथट व्हावी. म्हणून ओलाच घडवायचा. तुळईच्या टोकाला कुसू, म्हणजे तासून काढलेली जीभ, खांबात त्या मापाची खाच, दोन्हींतून आरपार भोक. पण कुसवातलं भोक मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर कुसवाच्या मुळाकडे सरकवून पाडलेलं. वाळलेल्या ओकची निमुळती खुंटी ठोकली की ती वाकडीतिकडी वाट काढत पुढे जाते, आणि जाता जाता कुसू खाचेत ओढून घट्ट बसवते. लोखंडी खिळ्याला मज्जाव, कारण ओल्या ओकमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंड खातं आणि भोवती निळाकाळा डाग धरतो. पुढे वर्षानुवर्षं लाकूड सुकतं, पिळवटतं, त्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. खुंटी सोडत नाही. सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवून बघायचे, सांध्यांवर रोमन आकडे कोरायचे, मग सोडवून जागेवर उभा करायचे. इथल्या जुन्या घरांत ते आकडे अजून दिसतात.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, फोटोंसकट. दादाचं उत्तर: "तिकडे वाळवी आहे का रे? आणि तो पाऊस म्हणजे पाऊस की नुसती भुरभुर?"

मी हटलो नाही. लंडनच्या संसदेतल्या जुन्या वेस्टमिन्स्टर हॉलचं लाकडी छप्पर फेकलं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ह्यू हर्लंड या सुतारानं उभारलेलं, भुंगेऱ्यांनी आतून पोखरलं, तरी पाडलं नाही. दादा गप्प बसला. त्या छपराला पहिल्या महायुद्धाच्या काळात पोलादाचा आधार द्यावा लागला, हे मी सांगितलं नाही. हार्मंड्सवर्थचं ते कोठारही २००६ साली एका कंपनीनं १ पौंडात घेतलं होतं, हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीसाठी जागा गेली तर मिळणाऱ्या भरपाईवर डोळा ठेवून, असं तेव्हा बोललं गेलं. पुढची काही वर्षं ते नुसतं सडत होतं. २०११ मध्ये इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेनं २०,००० पौंड मोजून घेतलं म्हणून वाचलं. हेही सांगितलं नाही. वादात कोण सांगतं?

काकांचं म्हणणं कोणी विचारलेलं नाही. पाच भाडेकरू, भाडं महिन्याला चहापाण्याइतकं, आणि जोराचा पाऊस लागला की रात्रभर माजघरात बादल्या. त्या बादल्यांचा आवाज मलाही पाठ आहे. बारावीला मी त्याच आवाजात अभ्यास केला आणि इथून निघायचंच, हे तिथेच ठरवलं.

शेवटी दादानं ग्रुप सोडून मला एकट्याला मेसेज केला. "झोपाळ्याची तुळई हवी होती, तर तेव्हा बोलायचंस."

त्याच वाड्यातला आमचा भाग दहा-बारा वर्षांपूर्वीच गेला. मुखत्यारपत्रावर सही माझी. पाडकामाच्या लाकडाचा व्यापारी आला, त्याच्या माणसांनी सागवानी तुळयांवर लाल खडूनं आकडे घातले, दादानं फोटो पाठवले. तिसऱ्या फोटोतल्या तुळईला दोन कड्या तशाच होत्या, आणि कड्यांखाली कुरकुरून कुरकुरून पडलेली खोबण. मी खाली पसंतीचा अंगठा टाकला होता. माझ्या वाट्याचे पैसे या घराच्या डिपॉझिटला लागले.

आमच्या गल्लीतली बहुतेक घरं आहेत तसंच हे १९३०च्या दशकातलं सेमी, म्हणजे एका बाजूनं शेजारच्या घराला चिकटलेलं. दर्शनी तिकोनावर काळ्या पट्ट्या, मध्ये पांढरा गिलावा, लांबून बघणाऱ्याला वाटावं पाचशे वर्षांपूर्वीचं, ट्यूडर राजांच्या वेळचं. पट्ट्या म्हणजे विटांवर खिळ्यांनी मारलेल्या फळ्या. मागच्या हिवाळ्यातल्या वादळात त्यातली एक खाली आली, कुजलेली. बिल्डर आला, बुटानं तिला पलटवून म्हणाला, नुसती शोभेची आहे, नाही लावली तरी घराला काही होत नाही. लाकडाची हवी तर दर तीन-चार वर्षांनी रंग द्यावा लागेल. प्लॅस्टिकची कुजत नाही.

प्लॅस्टिकचीच लावून घेतली. दादाला अजून कळवलेलं नाही.