गिटार राहू द्या, पट्टी खाली घ्या

चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तेच पेटलंय. ज्येष्ठांच्या मते मिस्सामध्ये (आपल्या कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेत) ड्रम-गिटार म्हणजे ऑर्केस्ट्रा. पोरांना पेटी-तबल्यावर झोप येते. दर दुसऱ्या मेसेजला 'परंपरा जपा'.

कुठली हो? १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ढोल-झांजांसारख्या गोंगाटी वाद्यांना बंदी केली होती. त्या हिशोबाने आपली ढोलकीसुद्धा बाहेर! साठच्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्येच व्हायची. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ग्रेगोरियन गायनाचा (जुन्या लॅटिन चर्चगायनाचा) मान कायम ठेवला आणि मिशनच्या प्रदेशांतल्या लोकांचं स्वतःचं संगीतही उपासनेत घ्यायला सांगितलं. मिस्सामध्ये पेटी रुळली ती त्यानंतर. (मिस्साबाहेरची भजनं जुनीच. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक प्रॉटेस्टंट, १९१९ साली वारले. त्यांची पदं आपणही हक्काने गातो.)

तेव्हा वाद्यावरून भांडणं मला पटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. मागच्या एका सणाच्या मिस्साला 'पवित्र, पवित्र, पवित्र' सुरू झालं. हे खरं तर फादरांसह सगळ्या लोकांनी म्हणायचं. पण गाणाऱ्या मुलीने धरली काळी पाच, सगळ्यांना न झेपणारी उंच पट्टी, मध्ये कीबोर्डचा लांबलचक तुकडा, त्यावर आलाप. पुरुषांनी दुसऱ्या ओळीलाच माघार घेतली, म्हाताऱ्या बायका पुस्तिका उघडून नुसत्या उभ्या. मुलगी गायली छानच, पण चर्च गप्प होतं.

आणि हा रोग फक्त बँडचा नाही. आमच्याकडे एक बुवा अर्पणगीतात (भाकर-द्राक्षारस वेदीवर नेतानाच्या गाण्यात) अशा ताना घेतात की अर्पण वेदीवर पोचून थंड होतं.

उलट प्रायश्चित्तकाळात, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, एकच गिटार होती, तीही मागे, हळू. त्या काळात वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजवायची, असा नियमच आहे. शेवटच्या बाकापर्यंत सगळे गात होते. वर्षभर तसं केलं तर कोण अडवतंय?

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाल येशूची यात्रा असते. नगर, संभाजीनगरकडून माणसं येतात, त्यांना आपलं नवं गाणं कुठून पाठ असणार? क्वायरला एवढंच सांगणं आहे: पाठ असलेली गीतं जास्त ठेवा, पट्टी दोन घरं उतरवा आणि नवं काही असेल तर मिस्साआधी पाच मिनिटं लोकांकडून म्हणवून घ्या. बुवा, तुम्हालाही तेच.