‘मावेल तेवढा रुंद टायर टाका’ या सल्ल्याचा प्रतिवाद

स्पोर्ट्स कारच्या टायरबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, पण मजकूर साधारण असा: ‘टायर जेवढा रुंद, तेवढा रस्त्याला टेकणारा भाग मोठा आणि तेवढी पकड जास्त. म्हणून मावेल तेवढा रुंद टायर घ्या. रिम आहे तेच चालेल. आत घासला तर स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावा, बाहेर घासला तर फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) कड दुमडून घ्या. मागे आणखी रुंद टाका. पावसातही फायदाच आहे. फॉर्म्युला वनवाले एवढे रुंद टायर उगाच वापरत नाहीत.’

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच बाकीची वाक्यं त्याच्या आधाराने खपतात. रुंद टायर फायदा देतो, पण रिम (टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते), कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि हवेचा दाब त्याच्या जोडीने बदलले तरच. आता एकेक मुद्दा घेऊ.

‘टायर रुंद, म्हणून टेकणारा भाग मोठा.’

टेकणारा भाग ढोबळमानाने भार भागिले हवेचा दाब एवढा असतो. चाकावर ४०० किलो भार आणि टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल तर हा भाग १८० चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. टायर २२५ मिलिमीटरचा असो की २७५ चा, साइडवॉलच्या (टायरच्या बाजूच्या भिंतीच्या) कडकपणामुळे हा आकडा थोडा मागेपुढे होतो, एवढंच. बदलतो तो ठशाचा आकार. १९ सेंटिमीटर रुंदीचा ठसा साडेनऊ सेंटिमीटर लांब असेल, तर २४ सेंटिमीटर रुंदीचा ठसा साडेसात सेंटिमीटरच उरतो.

मग रुंद टायरवर गाडी वेगाने वळते ती कशामुळे? दोन कारणं मोठी आहेत. पहिलं, रुंद टायरची भार पेलण्याची क्षमता जास्त असते. २२५/४५ आर १७ (म्हणजे रुंदी, साइडवॉलच्या उंचीची रुंदीशी टक्केवारी आणि रिमचा इंचातला व्यास) या मापावर बहुधा ९१ हा लोड इंडेक्स असतो, म्हणजे ६१५ किलो. २७५/३५ आर १८ वर ९५, म्हणजे ६९० किलो. त्यामुळे भाराच्या तक्त्यात बसेल इतपत हवा थोडी कमी ठेवता येते आणि तेव्हा ठसा खरोखर वाढतो. दुसरं, घर्षणाची उष्णता जास्त रबरावर वाटली जाते, म्हणून मऊ कंपाऊंड (रबराचं मिश्रण) टिकतं. जुन्याच कंपाऊंडचा रुंद टायर घेऊन हवाही जुनीच ठेवली, तर हातात फारसं काही पडत नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी कंपाऊंड बदला, रुंदी नंतर. २०१२ साली आलेली टोयोटा जीटी८६ मुद्दाम २१५/४५ आर १७ मापाच्या, माफक पकडीच्या टायरवर दिली होती. त्याच मापाचा चिकट टायर बसवला की रुंदी एक मिलिमीटरही न वाढवता ती गाडी वळणात बदलते.

हलक्या गाडीचा प्रश्न उलटा असतो. पहिल्या लोटस एलिसचे पुढचे टायर १८५ चे होते आणि मागचे २०५ चे, आणि ती गाडी संथ आहे असं कुणी म्हणत नाही. एवढ्या हलक्या गाडीला २४५ चा सेमी-स्लिक (जवळजवळ गुळगुळीत, ट्रॅकसाठीचा टायर) लावला तर रस्त्यावर तो नीट तापतच नाही, आणि न तापलेला सेमी-स्लिक चांगल्या रोडटायरपेक्षा कमी पकडतो.

इथे कॅम्बरचाही हिशेब आहे, जो मूळ सल्ल्यात नावालाही नाही. २२० मिलिमीटर रुंदीचा ट्रेड (रस्त्याला टेकणारा पट्टा) १ अंशाने कलला तर त्याच्या दोन कडांत ३.८ मिलिमीटरचा फरक पडतो, २५० मिलिमीटरच्या ट्रेडला ४.४. म्हणजे रुंद टायरला कलणं जास्त महागात पडतं. मॅकफर्सन स्ट्रटच्या (चाकाला धरणाऱ्या एका उभ्या दांड्याच्या सस्पेन्शनच्या) गाडीत बॉडी झुकली की चाक बाहेरच्या कडेवर जातं आणि पैसे देऊन घेतलेली आतली रुंदी हवेत राहते. ट्रॅकवर चार-पाच वेगवान लॅप झाल्या की पिटमध्ये येऊन लगेच सुईच्या थर्मामीटरने ट्रेडचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर असं तीन जागी घ्या. बाहेरची कड सर्वांत गरम असेल तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कलणं) कमी पडतोय. मध्य गरम असेल तर हवा जास्त आहे, किंवा रिम अरुंद आहे.

‘रिम आहे तेच चालेल.’

प्रत्येक मापाला रिमची ठरावीक मर्यादा असते. २४५/४० आर १८ ला साधारण ८ ते ९.५ इंच, २७५/३५ आर १८ ला ९ ते ११ इंच. नेमका आकडा त्या टायरच्या माहितीपत्रकात असतो, तोच धरा. साइडवॉलवर छापलेली रुंदी ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेली असते. रिम अर्ध्या इंचाने बदललं की टायरची रुंदी सुमारे ५ मिलिमीटरने बदलते. शिवाय ती रुंदी फुगवट्यापासून फुगवट्यापर्यंतची असते, ट्रेडची नव्हे. म्हणून दोन कंपन्यांचे ‘२४५’ शेजारी ठेवले तर ट्रेड वेगळा भरू शकतो.

२७५ चा टायर ८ इंची रिमवर चढवला की बीड (टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडा) जवळ ओढले जातात, साइडवॉल दोन्हीकडे फुगतात आणि ट्रेड मधोमध उंचावतो. स्टिअरिंग वळवल्यावर आधी रिम टायरवर सरकतं आणि मग ट्रेड हलतो. तो उशीर हाताला स्पष्ट जाणवतो. झीज मधोमध होते. टायरमधली हवा कमी-जास्त करून हे सुधारत नाही.

रिमच्या रुंदीवर नियमाने बंधन असलेल्या स्पर्धांत चालक मर्यादेच्या काठावरचा टायर अरुंद रिमवर बसवतात आणि कधीकधी वेळही कमावतात. पण तिथे दर फेरीला तापमान मोजलं जातं आणि टायर लवकर बदलला जातो. रोजच्या गाडीला ते गणित लागू नाही. उलट चूक म्हणजे अरुंद टायर रुंद रिमवर ताणणं. त्यात रिमची कड उघडी पडते, खड्ड्याचा मार थेट तिला बसतो आणि हवा कमी झाली की बीड निसटायची भीती असते.

‘आत घासला तर स्पेसर लावा.’

सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. आधी ऑफसेट म्हणजे काय ते पक्कं करू. रिमच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणाऱ्या पृष्ठभागाचं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ऑफसेट, रिमवर तो ईटी म्हणून लिहितात. ईटी कमी झालं की चाक बाहेर येतं.

समजा गाडीला ८.५ जे (म्हणजे साडेआठ इंच रुंद) ईटी ४५ रिमवर २४५ चा टायर आहे आणि तुम्हाला ९.५ जे ईटी ४० वर २७५ चा टायर घालायचा आहे. टायर प्रत्येक बाजूला १५ मिलिमीटरने वाढतो. ईटी ५ ने घटलं म्हणून आतल्या बाजूला प्रत्यक्ष वाढ १० मिलिमीटर, बाहेर २०. आता मूळ टायर आणि स्ट्रट यांच्यातली फट मोजा. ती १२ मिलिमीटर असेल तर उरतात २, आणि ते पुरत नाहीत. निदान ५ हवेत, कारण वळणात साइडवॉल आत झुकते. म्हणजे याच गाडीला ईटी ३७ लागतो, आणि मग बाहेर वाढ २३ मिलिमीटर होते. हा हिशेब रिम विकत घ्यायच्या आधी कागदावर करायचा असतो.

मापाचं रिम मिळालं नाही तर ३ मिलिमीटरचा स्पेसर समजू शकतो. त्यापुढे अडचणी वाढत जातात. स्पेसर हबची कड झाकतो, मग चाक मधोमध धरायला फक्त नट उरतात आणि स्टिअरिंगला थरथर येते. रिमचं मधलं भोक ७३.१ आणि हब ५६.१ मिलिमीटर असेल तर त्या मापाची रिंग लागतेच. स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यावर) नट किती आटे धरतोय ते मोजा. स्टडच्या व्यासाएवढी लांबी पकडीत हवी, म्हणजे १२ मिलिमीटर, १.५ पिचच्या (दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर असलेल्या) स्टडवर हाताने पूर्ण ८ फेरे. सहाच भरत असतील तर लांब स्टड घाला किंवा स्पेसर काढा, तिसरा मार्ग नाही. नटाची बैठकही पाहा. शंकूच्या खाचेत गोल बुडाचा नट बसवला तर तो एका रेषेवरच टेकतो आणि सैल होतो. टॉर्क गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे द्या आणि ८० ते १०० किलोमीटर गाडी चालवून पुन्हा तपासा.

ईटी फार कमी केलं की स्क्रब रेडियस बदलतो. चाक वळण्याच्या अक्षापासून टेकणारा भाग बाहेर सरकतो, रस्त्यातल्या चरांवर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं आणि ब्रेक मारताना एका चाकाची पकड कमी झाली तर गाडी बाजूला जाते. बेअरिंगवरचा ताणही वाढतो.

‘बाहेर घासला तर फेंडरची कड दुमडून घ्या.’

कधीकधी हे लागतं, पण घासतं कुठे ते आधी शोधा. स्प्रिंग काढा, चाक लावा आणि जॅकने सस्पेन्शन बंपस्टॉपपर्यंत (वर जाण्याच्या शेवटच्या हद्दीपर्यंत) हळूहळू चढवा. पुढच्या चाकाला प्रत्येक उंचीवर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. फेंडरच्या कडेला आणि लायनरला (फेंडरच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणाला) मळलेल्या चिकणमातीच्या गोळ्या चिकटवा, त्या दबतील तिथली खरी जागा कळते. ब्रेकची नळी आणि वायर ताणली जात नाहीत ना हेही तेव्हाच पाहा. कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबणारा भाग) आणि रिम यांत ३ मिलिमीटर तरी हवेत. बऱ्याचदा कडेऐवजी लायनरचा एखादा स्क्रूच आड येतो. कड दुमडायचीच असेल तर आधी रंग गरम करा, नाहीतर तो तडकतो आणि तिथून गंज धरतो.

‘मागे आणखी रुंद टाका.’

चारही चाकांना एकच माप धरून बेतलेल्या गाडीला फक्त मागे रुंद टायर लावले की पुढची बाजू आधी घसरते. गाडी वळणात बाहेर जाऊ लागते, आणि चालकाला वाटतं की पुढेही रुंद हवेत. मागे इंजिन असलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. पोर्शे ९११ जीटी३ च्या ९९२ पिढीला पुढे २५५ आणि मागे ३१५ आहेत, कारण तिचा भारच मागे आहे.

इथे मापाची एक चूक वारंवार दिसते. पुढे २४५/४० आर १८ आहे म्हणून मागेही ‘४०’ च ठेवून २७५/४० आर १८ घेतला जातो. ४० ही रुंदीची टक्केवारी आहे, त्यामुळे पुढचा व्यास ६५३ मिलिमीटर आणि मागचा ६७७ होतो, म्हणजे पावणेचार टक्के फरक. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एवढ्या फरकाने मधला डिफरन्शियल किंवा क्लच (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) सतत घासत राहतो आणि एबीएसलाही चाकांचे वेग चुकीचे वाटतात. २७५/३५ घेतला तर व्यास ६५० येतो आणि प्रश्न मिटतो.

‘फॉर्म्युला वनवाले उगाच वापरत नाहीत.’

२०१७ साली फॉर्म्युला वनचे पुढचे टायर २४५ वरून ३०५ आणि मागचे ३२५ वरून ४०५ मिलिमीटरचे झाले, हे खरं. पण त्या गाडीला पंख दाबतात, त्यामुळे वेगाबरोबर टायरवरचा भार वाढत जातो आणि टायर तापलेला राहतो. आणि २०२६ च्या नियमांत तेच टायर पुन्हा अरुंद केले, पुढे २५ आणि मागे ३० मिलिमीटरने, कारण रुंदीसोबत वाऱ्याचा विरोध आणि वजनही येतं.

‘पावसातही फायदाच.’

नाही. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी असेल तर २२० मिलिमीटर रुंदीच्या ट्रेडला सेकंदाला साडेसोळा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, २५० मिलिमीटरच्या ट्रेडला पावणेएकोणीस. शिवाय ठसा आखूड असल्याने ते सारायला वेळही कमी मिळतो. हवा कमी केलेली असेल तर टायर आणखी लवकर पाण्यावर तरंगतो. रुंद टायरवर पावसात जायचं असेल तर हवा पुस्तिकेतल्या आकड्यावर परत आणा, ट्रेडच्या चरांची खोली तीन ठिकाणी मोजा, आणि कुठेही ३ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर तो टायर पावसासाठी बाद धरा.