‘फूटपाथ रुंद केले म्हणून कोंडी झाली’: जरा हिशेब करून पाहू

पुण्यात कुठेही फूटपाथ रुंद करायला घेतला की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. शब्द बदलतात, आशय तोच: “आधीच रस्ते अरुंद, त्यात महापालिकेने फूटपाथ वाढवले. चालतंय कोण? तिथे पथारीवाले आणि दुचाक्याच. वेग कमी केला, गाड्या खोळंबल्या. परदेशी चोचले बंद करा, पादचारी पूल बांधा.” महापालिकेने २०१६ मध्ये शहरी रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, जंगली महाराज रस्त्यासारख्या ठिकाणी कामं झाली, आणि तेव्हापासून हा मजकूर काही मरत नाही. त्यातला थोडा भाग खरा आहे. तो कुठला, तेही सांगू.

“गाडीला रस्ताच उरला नाही.” भिंतीपासून भिंतीपर्यंत १८ मीटर रुंदीचा, दुतर्फा वाहतुकीचा बाजाराचा रस्ता घ्या. जुन्या रचनेत दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर फूटपाथ, मधे १५ मीटर डांबर. कागदावर ऐसपैस. प्रत्यक्षात दोन्ही कडांना लावलेल्या गाड्या दोन-दोन मीटर खातात, एका बाजूला दुसरी रांग किंवा टेम्पो आणखी दोन मीटर. उरले नऊ, म्हणजे एका दिशेला साडेचार मीटर. एका मोटारीला ते जास्त होतात आणि दोघींना कमी पडतात. म्हणून मागची गाडी घुसायला बघते, मग रिक्षा तिरकी होते, आणि समोरून बस आली की सगळं ठप्प.

नवी रचना: साडेतीन-साडेतीन मीटर फूटपाथ, दोन-दोन मीटर पार्किंगचे खण, मधे साडेतीन-साडेतीन मीटरच्या दोन मार्गिका. बेरीज तीच १८. पार्किंगचे खण फूटपाथच्या खाचेत बसवलेले असल्याने दुसरी रांग लावली की ती थेट मार्गिकेत येते, सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते आणि उचलावी लागते. अँब्युलन्सलाही हीच दुसरी रांग अडवते. तिला सलग मोकळी मार्गिका लागते.

आणि मुळात किती गाड्या जातील हे मधल्या रुंदीवर ठरतच नाही. ते चौकात ठरतं. सिग्नलचं चक्र १२० सेकंदांचं आणि तुमच्या बाजूला हिरवा ३० सेकंद असेल, तर दर दोन सेकंदाला एक मोटार धरून एका मार्गिकेतून चक्राला १५ मोटारी सुटतात. तासाला ३० चक्रं, म्हणजे ४५०. मधल्या सलग पट्ट्यात त्याच हिशेबाने १,८०० जाऊ शकतात. (दुचाक्या फटीतून पुढे सरकतात, त्यामुळे आपल्याकडे डोकी जास्त मोजली जातील. प्रमाण तेच राहतं.) तोटी बारीक असेल तर पाइप कितीही जाड टाका, बादली त्याच वेळात भरणार.

खरी तक्रार इथेच आहे. चौकाच्या अलीकडच्या ४०-५० मीटरमध्ये वळणाऱ्या गाड्यांची वेगळी मार्गिका होती आणि फूटपाथ वाढवताना ती गिळली, तर रांग वाढणारच. उजवीकडे वळणारी एक मोटार थांबली की तिच्यामागे सरळ जाणारे दहा जण अडकतात. अशी चूक दिसली तर तेवढा कोपरा दुरुस्त करून मागा. त्यासाठी मागचा अख्खा फूटपाथ उखडायचं कारण नाही.

“वेग कमी केला की कोंडी वाढते.” सलग एक किलोमीटर ५० च्या वेगाने ७२ सेकंदांत, ३० ने १२० सेकंदांत होतो. फरक ४८ सेकंदांचा, तोही वाटेत एकही सिग्नल नसेल तर. आता दुसरी बाजू. धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ३० च्या वेगाने गाडी तेवढ्यात साडेबारा मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटरमध्ये थांबते. ५० ला त्या दीड सेकंदातच जवळपास २१ मीटर सरतात. अठरा मीटरवर मूल आडवं आलं, तर ३० ची गाडी त्याच्या अलीकडे थांबते. ५० ची त्याला पूर्ण वेगात धडकते, ब्रेक अजून लागलेलाच नसतो.

वेग पाटी लावून कमी होत नाही, आणि रबरी पट्टे ठोकूनही नाही. त्यांनी फक्त पाठ धरते आणि दुचाकीवाले कडेच्या फटीतून निघतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक गाडीच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, साधारण २५ च्या वेगाने बिनधक्क्याचा ओलांडता येतो. आपल्या गल्लीतला मोजून पाहा.

“चालतंय कोण?” बसने जाणारा दोन्ही टोकांना चालतो, दुचाकी लावून दुकानात जाणाराही. तीन मीटरच्या पट्ट्यातून तासाला मोटारींमधून ६०० ते १,६०० माणसं जातात, तेवढ्याच फूटपाथवरून ८,००० ते ९,०००. हे आकडे अमेरिकी शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या ‘नॅक्टो’ या संघटनेचे. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ जण मेले, त्यातले ३२,८२५ पादचारी होते.

“फूटपाथवर दुचाक्या आणि पथारीवालेच.” बऱ्याच ठिकाणी खरं आहे, आणि त्याला रचनाही जबाबदार आहे. उंची १५ सेंटीमीटरच्या वर गेली की गुडघे दुखणारा माणूस खालून चालतो. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी फूटपाथ तोडून उतार दिला की त्याच उतारावरून स्कूटर चढते. फाटकाशी फूटपाथ एका पातळीत सलग ठेवावा आणि चढउतार गाडीने करावा. स्कूटर अडवायला फूटपाथवर रोवलेले दगडी खुंट हे औषध अर्धंच आहे: व्हीलचेअरसाठी मधे निदान ९० सेंटीमीटर सोडावे लागतात, तेवढ्यातून स्कूटरही जाते. ती अडवायला दंडाची पावतीच लागते. पथारीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, जागांची आखणी आहे. चालायला १.८ मीटर, बाजारात अडीच मीटर मोकळे ठेवून उरलेल्या पट्ट्यात त्यांना बसवता येतं. दीड मीटरच्या फूटपाथवर ते कधीच जमणार नाही.

“परदेशी चोचले.” नॉर्वेची राजधानी ऑस्लोत २०१९ मध्ये एकही पादचारी किंवा सायकलस्वार वाहनाखाली मेला नाही. ब्रेकचं गणित तिथे आणि इथे सारखंच आहे. आणि लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला गाड्या बंद ठेवून पादचारी दिन होतो, तो बघायला ऑस्लोला जावं लागत नाही.

राहिला पादचारी पूल. खालून बस-ट्रक जायला साडेपाच मीटर मोकळे लागतात. पुलाची जाडी धरून सहा. एक पायरी १५ सेंटीमीटरची, म्हणजे ४० चढायच्या आणि ४० उतरायच्या. तेच दोन मार्गिकांचं सात मीटर डांबर सिग्नलवर सावकाश चालणाऱ्या आजीही नऊ सेकंदांत ओलांडतात. लिफ्ट बसवली तर ती चालू ठेवायला माणूस लागतो, वीज लागते, आणि बंद पडली की उरतात त्या ८० पायऱ्या. म्हणून पुलाखालच्या दुभाजकाची जाळी वाकवलेली दिसते, बरोबर माणूस जाईल एवढी.